मदत हवी आहे: मुलुंडचं घर भाड्याने द्यायचंय, ११ महिने की ३६?

निळाई:
नमस्कार, घाईत लिहितेय. मुलुंड पूर्वेला आमचं वन बीएचके आहे, चौथा मजला, लिफ्ट आहे, स्टेशन चालत दहा मिनिटांवर. आई आता माझ्याकडे पुण्याला असते, त्यामुळे घर पावसाळ्यापासून बंद आहे. एजंटने पार्टी आणलीये. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. भाडं ३२ हजार, डिपॉझिट एक लाख. त्यांना एक तारखेला राहायला यायचंय. एजंट म्हणतो ११ महिन्यांचं करा, सगळे तसंच करतात. माझे दीर म्हणतात ३६ चं करा. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं की आधी एनओसी घ्या आणि भाड्याच्या दहा टक्के दरमहा सोसायटीला भरा. हे खरं आहे का? रविवारपर्यंत एजंटला कळवायचंय. ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा प्लीज.

मध्यरेल्वे:
अकराच. डोळे मिटून. डोंबिवलीचा फ्लॅट गेली कित्येक वर्षं देतोय, कधी अकराच्या वर गेलो नाही. वर गेलं की भाडेकरू हक्क सांगायला लागतो.

सहकारमित्र:
मध्यरेल्वे, हा समज आता तरी सोडून द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूला हक्क न देता फक्त राहायचा परवाना देणारा करार, अकरा महिन्यांचं असो की छत्तीस, लेखी हवं आणि नोंदणी केलेलं हवं. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. म्हणजे संरक्षण मिळतं ते नोंदणीमुळे, अकरा या आकड्यामुळे नाही.

खर्चही फार नाही. उदाहरणादाखल २४ महिने धरा. भाडं ७ लाख ६८ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात ते २० हजार, एकूण ७ लाख ८८ हजार. त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क १,९७० रुपये. नोंदणी फी एक हजार. घरबसल्या आधारवर अंगठा देऊन होतं.

निळाईताई, घर कोणाच्या नावावर आहे?

खाडीकिनारा:
पार्टी नॉनव्हेज खाते का, हे सोसायटीने विचारलंय का? आम्ही भाड्याने घर शोधत होतो तेव्हा मासे खातो एवढ्यावरून तीन ठिकाणी नकार मिळाला. त्यातला एक घरमालक तर मराठीच होता. तुम्ही तरी असं करू नका, ही विनंती.

मध्यरेल्वे:
@खाडीकिनारा, ज्याचं घर त्याची मर्जी. ओट्यावर काय शिजावं हे मालकच ठरवणार ना.

खाडीकिनारा:
भाडं घेतलं की ओटा त्यांचा. शेजारपाजारच्यांच्या नाकाला विचारून स्वयंपाक करायचा का?

निळाई:
आम्हीच मासे खातो हो, तो प्रश्नच नाहीये. घर बाबांच्या नावावर आहे. त्याने काय फरक पडतो? दहा टक्क्यांचं कोणीतरी सांगा.

सहकारमित्र:
बाबा सही करू शकतात ना?

निळाई:
बाबा गेल्या वर्षी गेले. आईचं नॉमिनेशन आहे, त्यामुळे ते आपोआप आईचंच झालं.

आजोबा_गिरगाव:
बेटा, माझं ऐक, देऊच नकोस. माझ्या मावशीच्या दोन खोल्या होत्या ठाकूरद्वारला. ओळखीच्या गृहस्थांना लायसन्सवर दिल्या. १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे जे लायसन्सवर राहत होते ते सगळे भाडेकरू ठरले. मावशी शेवटपर्यंत त्या खोलीत परत गेली नाही. सणाला खाली उभी राहून स्वतःच्याच खिडकीकडे बघायची. सरकार कधी काय करील सांगता येत नाही. बंद घर परवडतं. पगडीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना विचार...

सहकारमित्र:
आजोबा, मावशींचं खरंच वाईट झालं. पण तो जुना बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट. २००० पासून नवा कायदा लागू आहे आणि त्यात परवानाधारकाला तसं संरक्षण नाही. या भीतीपोटी मुंबईत किती घरं कुलपात पडून आहेत.

निळाईताई, आपोआप काही होत नाही. नॉमिनी म्हणजे विश्वस्त. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव. मालकी वारसांची. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि सगळी मुलं यांचा समान हिस्सा. भावंडं किती?

निळाई:
मृत्युपत्र नाही. मी आणि दादा. दादा दुबईला असतो. त्याला विचारलंय, तो म्हणाला तू बघ.

ऋतुगंध:
घर बंद होतं तर आधी बाथरूमची गळती तपासा. रंग मात्र पावसाळा संपल्यावरच काढा, भिंती सुकल्याशिवाय पापुद्रे सुटतात. आणि गीझर बदलून द्या, त्यावरूनच भांडणं होतात.

पूर्वउपनगर:
उगाच घाबरवू नका त्यांना. आमच्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांच्या नावाने करार केला, ऑनलाइन नोंदणी झाली, कोणी शेअर सर्टिफिकेट मागितलं नाही. आईंच्या नावाने करून मोकळं व्हा. चांगली पार्टी परत मिळत नाही.

सहकारमित्र:
कोणी मागितलं नाही म्हणजे चाललं असं नाही. दादा आज "तू बघ" म्हणतो. उद्या वहिनी विचारतील, भाडं कोणाच्या खात्यात जातं? किंवा सोसायटी पुनर्विकासाला गेली, की बिल्डरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. आणि दादा एनआरआय असेल तर त्याच्या हिश्श्याच्या भाड्यावर भाडेकरूला ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो, त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, काढावा लागतो. लहान मुलीचा बाप कशाला या भानगडीत पडेल?

दादाला हिस्सा नको असेल तर आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करू दे. तुम्हीही करा. मग सोसायटीत शेअर आईच्या नावावर, करार आईचा, भाडं आईचं. त्यातून घरपट्टी वजा करून ३० टक्के सरसकट वजावटही आईला मिळेल. दादा येणार नसेल तर मुखत्यारपत्र दुबईच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

आणि दहा टक्के भाड्याचे नाहीत! सेवा शुल्काच्या दहा टक्के, महापालिकेचे कर वगळून. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. सेक्रेटरींना लेखी पाठवा. एनओसी नाही, फक्त कराराची प्रत देऊन आठ दिवस आधी कळवायचं. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर तुम्हीच भरायची. एजंटवर सोडू नका.

मध्यरेल्वे:
आमच्याकडे भाड्याच्याच दहा टक्के घेतात. बरीच वर्षं भरतोय.

सहकारमित्र:
मग तेही लेखी विचारा.

खिडकीतलीमी:
सगळे कायदा सांगतायत म्हणून विचारते. निळाई, तुझ्या आईला काय हवंय? ती पुण्याला कायमची आलीये की हवापालट म्हणून? माझ्या आईचं घर आम्ही भावंडांनी परस्पर दिलं. ती काही बोलली नाही. पण नंतर तिने त्या घराचं नावच काढणं सोडलं.

निळाई:
काल रात्री आईशी बोलले. तिला वाटत होतं की दिवाळीत आपण तिकडेच जाणार आहोत. मी विचारलंच नव्हतं तिला. गुडघ्यांमुळे एकटी राहू शकत नाही हे तिलाही कळतं, आणि औषधांना पैसे लागतात हेही. ती म्हणाली, द्या, पण मला एकदा नेऊन आणा, देव मी माझ्या हाताने उचलीन.

दादाशी पण बोलले. तो हक्कसोडला तयार आहे, पुढच्या महिन्यात येतोय. एजंटला सांगितलं एक तारीख जमणार नाही. तो चिडला, पार्टी दुसरीकडे जाईल म्हणाला. जाऊ दे. २४ महिन्यांचं करू. सहकारमित्र, मनापासून आभार.

एकच विचारायचं राहिलं. माळ्यावर आईची पितळेची भांडी आहेत, बंब, घंगाळ, परातींची चळत, आणि बाबांच्या वह्या. ती म्हणते माळा कुलूप लावून तसाच ठेवायचा. असं चालतं का?

सहकारमित्र:
चालतं. करारात जागेच्या वर्णनात स्पष्ट लिहा की बेडरूमवरचा माळा परवान्यात येत नाही, कुलूप मालकाकडे राहील. चोवीस तासांची सूचना देऊन मालकाला तो बघता येईल हेही घाला. कुलूप लावलेल्या माळ्याचा फोटो तारखेसकट घेऊन ठेवा.

ऋतुगंध:
पितळेला वर्तमानपत्र गुंडाळू नका, दमट हवेत डाग पडतात. जुन्या सुती साडीत बांधा.