शब्दचर्चा : तिखट, जहाल आणि झणझणीत

प्रश्न

हॉट सॉसच्या परीक्षणांचा एक संच मराठीत आणतोय. मूळ मजकुरात प्रत्येक सॉसला दोन स्वतंत्र गुण दिलेत, एक ‘हीट’चा आणि एक ‘फ्लेवर’चा. मी रकान्यांना ‘तिखटपणा’ आणि ‘चव’ अशी नावं दिली, पण वाचताना खटकतंय. तिखट हीसुद्धा चवच ना? मग चवीचे गुण तिखटापासून वेगळे कसे काढायचे? ‘हीट’साठी ‘उष्णता’ असाही एक पर्याय पुढे आला होता, तो मला पटला नाही. शिवाय यादीतल्या एका सॉसला हीटचे दहापैकी दहा आणि फ्लेवरचे तीन आहेत. त्याला ‘झणझणीत’ म्हणावं का?

प्रतिसाद

‘उष्णता’ बिलकुल नको. वाचकाला वाटेल सॉस गरम करून खायचा आहे, नाहीतर तो अंगाला बाधतो. इंग्रजीत ‘हॉट’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ येतात. आपल्याकडे गरम ते गरम आणि तिखट ते तिखट. ‘तिखटपणा’च ठेवा.

प्रतिसाद

‘उष्णता’ नको हे मान्य, पण इंग्रजी शब्दाला इतकं सहज मोडीत काढू नका. जिभेला हे दोन अर्थ खरोखरच वेगळे कळत नाहीत. मिरचीतलं कॅप्सेसिन (तिला तिखट करणारा घटक) टीआरपीव्ही१ नावाच्या ज्या ग्राहीला (चेतापेशीवरचा संवेदना टिपणारा रेणू) जाऊन चिकटतं, तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या तापमानालाही चेतवला जातो. सॉस फ्रिजमधून काढलेला का असेना, मेंदूला निरोप पोचतो तो भाजल्याचाच. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. पुढे २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियान यांच्यासोबत मिळालं. तिखट खाऊन तोंड पेटलेलं असताना वर गरम पाणी प्यायलं की आग आणखी भडकते, तीही यामुळेच.

आणि मराठी बोलणाऱ्यांनाही हे कधीपासून जाणवलेलं आहे. ‘तोंडाची आग झाली’, ‘नुसता जाळ होता’ हे आपण मिरचीबद्दलच म्हणतो.

आता तिखट ही चव आहे का? शरीरशास्त्राच्या हिशेबाने नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मश्रूम किंवा मांसाच्या रश्शाला असते तशी चव) ओळखायला जिभेवरच्या रुचिकलिका लागतात. तिखटाला त्या लागत नाहीत. मिरचीचा हात डोळ्याला लागला किंवा बोटाच्या चिरेत गेला तरी तेच होतं जे जिभेवर होतं. साखरेचा हात डोळ्याला लावून डोळ्याला गोड लागत नाही. म्हणून ‘झोंबणे’ हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. मिरची झोंबते, बोचरा वारा झोंबतो, जखमेला लिंबू झोंबतं, वर्मी लागलेला शब्दही झोंबतो. हे सगळं स्पर्शाच्या आणि वेदनेच्या घरातलं आहे. तुमच्या ‘हीट’च्या रकान्यात मोजलंय ते हे झोंबणं.

प्रतिसाद

शास्त्र मान्य, पण म्हणून ‘तिखट चव’ चुकीचं ठरवू नये. आयुर्वेदातल्या षड्रसांत, म्हणजे सहा चवींत, तिखटाला मानाचं स्थान आहे. मात्र तिथे त्याचं नाव ‘कटु’ आहे आणि कडवटाचं नाव ‘तिक्त’. मराठीत कटुपासून आला ‘कडू’, तो मात्र कारल्याच्या चवीला चिकटला. तिखटाला आपण ‘तीक्ष्ण’ या कुळातला शब्द वापरला. आयुर्वेदाचा मजकूर वाचताना ‘कटु रस’ दिसला की अनेकजण कडू समजतात, ते यामुळे. तीक्ष्ण म्हणजे धारदार, टोकदार. म्हणजे शब्दाच्या मुळाशीही स्पर्शच आहे, त्यामुळे वरच्या प्रतिसादाला मी विरोध करत नाही, उलट पुस्तीच जोडतोय.

प्रतिसाद

दुसऱ्या रकान्याला ‘चव’ऐवजी ‘स्वाद’ लिहा. बोलताना आपण दोन्ही सरमिसळ वापरतो, पण पाककृतींत फरक पाळलेला दिसतो : मीठ ‘चवीनुसार’ असतं आणि सुगंधी जिन्नस ‘स्वादासाठी’. तुमचं ‘फ्लेवर’ हे दुसऱ्या प्रकारचं आहे. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि जिभेवरच्या चवीत मिसळतो, ते एकत्रित म्हणजे स्वाद. सर्दी झाली की स्वाद जातो. तिखट मात्र तसंच लागतं.

प्रतिसाद

झणझणीतबद्दल. माझं ठाम मत : दहा-तीनवाल्या सॉसला तो शब्द देऊ नका. ‘झणझणीत’ हा कौतुकाचा शब्द आहे. त्यात तिखट आहे, पण सोबत वास, चव, खाण्याची ओढ असं सगळं आहे. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी हात पुन्हा पुढे जातो, ते झणझणीत. ज्यात फक्त आग आहे त्याला आपल्याकडे ‘तिखटजाळ’ म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाने सहसा कोणी वापरत नाही.

प्रतिसाद

हे फार ताणलेलं वाटतं. डोकं झणझणतं, कानशिलात बसली की गाल झणझणतो, आणि ‘डोळ्यांत झणझणीत अंजन’ यात कुठला स्वाद आला? शब्दाचा गाभा झोंबण्याचाच आहे. दहापैकी दहा झोंबणारा सॉस झणझणीत का नाही?

प्रतिसाद

गाभा तो आहे, यात वाद नाही. पण खाण्याच्या बाबतीत वापराने अर्थाला वळण लागलंय. तक्रारीची वाक्यं तपासून पाहा. ‘इतकं तिखट होतं की खाववलं नाही’ हे सर्रास ऐकू येतं. ‘इतकं झणझणीत होतं की टाकून द्यावं लागलं’ हे कानाला विचित्र लागतं. जेवण बिघडलं असं सांगायचं असेल तेव्हा आपली जीभ आपोआप ‘झणझणीत’ टाळते. शब्दकोशापेक्षा मी ही कसोटी जास्त मानतो.

त्या सॉसच्या घटकांची यादीही एकदा बघा. असे गुण बहुतेकदा मिरचीचा अर्क घातलेल्या सॉसला मिळतात. अर्कात कॅप्सेसिन एकवटलेलं असतं, पण मिरचीचा गर आणि सुगंध त्यात उरत नाही, वर जिभेवर एक रासायनिक कडवटपणा रेंगाळतो. याउलट हाबानेरोचं बघा. ती १ ते ३.५ लाख स्कोव्हिलची (हे तिखटपणा मोजायचं एकक) मिरची, म्हणजे हालापेन्योच्या (२,५०० ते ८,०००) कितीतरी पुढची, पण तिला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास असतो आणि आग भडकायच्या आधी तो नाकाला कळतो. हालापेन्यो धुरावर वाळवली की तिची चिपोटले होते : झोंबणं जवळपास तेवढंच, स्वाद पूर्ण वेगळा. मिरची आंबवून केलेल्या सॉसमध्ये आंबटपणाला खोली येते, नुसत्या व्हिनेगरच्या सॉसमध्ये तो सरळ टोचतो. तिखटपणाच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही. म्हणून दोन रकाने हवेतच, आणि दोन्हींवर पाणी फिरवणारा एकच शब्द नको.

प्रतिसाद

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर : परीक्षणांत ‘स्कोव्हिल एकक’ आलं असेल तर ते तसंच ठेवा, भाषांतर करू नका. विल्बर स्कोव्हिल यांची १९१२ ची पद्धत साधी होती. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट कळेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजायचं. आता यंत्राने कॅप्सेसिनॉइडचं (कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीचे घटक) प्रमाण काढतात. शुद्ध कॅप्सेसिन १.६ कोटी. २०२३ मध्ये सर्वांत तिखट मिरचीचा विक्रम पेपर एक्सच्या नावावर गेला, सरासरी सुमारे २६.९३ लाख. पण एकाला जे सौम्य ते दुसऱ्याला जहाल, कारण नेहमी तिखट खाणाऱ्याची जाणीव बोथट होत जाते. त्यामुळे दहापैकी गुण हे परीक्षकाच्या जिभेचे आहेत, आणि ते एका ओळीत वाचकाला सांगून टाका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रकाने ‘तिखटपणा’ आणि ‘स्वाद’ असे केले. दहा-तीनवाला सॉस ‘जहाल’ : त्यात निंदा नाही आणि कौतुकही नाही. ‘झणझणीत’ हाबानेरोवाल्याला दिला, त्याचे गुण तिखटपणाला आठ आणि स्वादाला नऊ आहेत. मोहरीच्या सॉसला मात्र ‘झोंबतो’ अपुरं वाटलं, कारण त्याचा तिखटपणा उडून जाणारा आहे, जिभेवर थांबतच नाही. तिथे ‘नाकात जातो आणि लगेच ओसरतो’ असं सरळ वाक्य लिहिलं.

एक अडलंय. सिचुआन मिरीच्या सॉसबद्दल मूळ परीक्षक लिहितो की ओठ थरथरल्यासारखे होतात आणि बधिर पडतात. याला काय म्हणू?

प्रतिसाद

‘चुणचुणतात’. मिरी असं नाव असलं तरी ती काळ्या मिरीच्या कुळातली नाही आणि तिच्यातला सांशूल हा घटक स्पर्शाच्या चेतांना चाळवतो. ओठांवर जाणवणारी ती कंपनं सेकंदाला सुमारे ५० असल्याचं प्रयोगात दिसलंय. ‘मुंग्या येतात’ही चाललं असतं, पण त्यात अवघडून बसल्याचा भाव आहे. ‘ओठ चुणचुणतात, मग बधिर होतात’ एवढं लिहा, आणि हे तिखटपणाच्या गुणांत धरलंय की स्वादाच्या, तेवढं मूळ परीक्षकाला विचारून घ्या.