पुन्हा मोटर बंद

बी-४०२: पंपाचा ब्रेकर परत पडलाय. डोक्याला शाम्पू लावून उभी आहे. हा तिसरा नवा ब्रेकर ना?

सेक्रेटरी: ताई, इलेक्ट्रिशियन निघालाय. कृपया सहकार्य करा.

ए-१०१: ब्रेकरची कंपनी बदला. मागेही बोललो होतो.

सी-३०५: अख्ख्या सोसायटीत ट्रिपला जातो तो एकटाच 😄

बी-४०२: विनोदाने टाकी भरत असेल तर चालू द्या.

बी-२०१: मी तीनदा चढवला. २०-२५ मिनिटं चालते, मग पडतो. किती अँपिअरला पडायचं तो ब्रेकरवरचा डायल १० वर नेऊ?

ए-२०४: हात लावू नका! लगेच पडला असता तर शॉर्टचा संशय, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय चढवायचाच नाही. हा तापून पडतोय, म्हणजे करंट जास्त जातोय. मोटरच्या पाटीवर ७.२ अँपिअर आहे. डायल ८ वर कोणी नेला?

ए-१०१: कंपनी बदला.

सी-३०५: मागच्या कमिटीने नेला असेल. त्यांना सगळंच वाढवायची सवय होती.

बी-२०१: मागच्या कमिटीत मी होतो. बोलायचं तर नाव घेऊन बोला.

सेक्रेटरी: विषयाला धरून बोलूया 🙏

डी-१०३: विषय निघालाच आहे तर, माझ्या पार्किंगमधली लाल स्कूटर कोणाची?

ए-२०४: इलेक्ट्रिशियन आला की तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने घ्यायला सांगा. मोटर चालू असताना.

सेक्रेटरी: काका, रीडिंग १०.२, ९.८ आणि ४.१. तो म्हणतोय मोटर गेली, भरून आणावी लागेल.

ए-२०४: इतक्यात नको. एक फेज अशक्त आहे, तिचा भार बाकीच्या दोघी ओढतायत. मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर असतो, त्याच्या आधी आणि नंतर व्होल्टेज बघा.

ए-१०१: माझ्या मुद्द्याचं काय झालं?

सेक्रेटरी: आधी फेजच्या तिन्ही जोड्यांत ४१० व्होल्ट. नंतर एकीत ४१०, दोन जोड्यांत ३७०-७५.

ए-२०४: सापडलं. कॉन्टॅक्टर उघडा. मेन स्विच पाडून, हं.

सेक्रेटरी: फोटो टाकलाय. दोन पॉइंट ठीक, तिसरा खड्डे पडून काळा. बाजूचा स्क्रूही सैल, वायरचं प्लास्टिक वितळलंय.

बी-४०२: म्हणजे तीन ब्रेकर उगाच बदलले?

ए-२०४: ते बिचारे मोटर वाचवत होते.

सी-३०५: आणि आपण शिपायालाच बडतर्फ करत होतो.

बी-२०१: डायल मीच फिरवला होता. तेव्हाच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं म्हणून. आता बोला.

सी-३०५: साहेब, मी गमतीत म्हटलं होतं.

बी-२०१: तुमची गंमत नेहमी आमच्यावरच असते.

सेक्रेटरी: कॉन्टॅक्टर नवा बसवला. करंट ६.९, ७.०, ६.८. पाणी चढतंय.

ए-१०१: कॉन्टॅक्टर कुठल्या कंपनीचा?

डी-१०३: लाल स्कूटर??

ए-२०४: डायल ७.२ वर आणलाय. पॅनलची चावी आता माझ्याकडे.