सेवा-अटींमध्ये दुव्याने जोडलेले इतर करार आपल्यावर बंधनकारक ठरतात का?

प्रश्न
आमच्या लहान कार्यालयासाठी हिशेबाचे ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. त्याच्या सेवा-अटींत म्हटले आहे की गोपनीयता धोरण, वापराचे नियम आणि संकेतस्थळावर ‘वेळोवेळी’ प्रसिद्ध होणारी इतर धोरणे या कराराचाच भाग समजली जातील. वाद लवादाकडे (न्यायालयाऐवजी खासगी निवाड्यासाठी) नेण्याचे कलम मात्र मूळ अटींत नसून अशाच एका दुव्यामागे आहे. तो दस्तऐवज न उघडता ‘मान्य आहे’ म्हटले, तरी ते कलम आम्हाला लागू होईल का?

उत्तर १
वाचले नाही, एवढ्यावर सुटका होत नाही. लवादाच्या कलमासाठी मात्र कसोटी अधिक कडक आहे. लवाद कायदा, १९९६ च्या कलम ७(५) नुसार दुसऱ्या दस्तऐवजाचा उल्लेख असा हवा की त्यामुळे लवादाचे कलमच कराराचा भाग बनेल. एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स (२००९) या खटल्यात उपकंत्राटाला मुख्य कंत्राटाच्या अटी लागू राहतील, असे मोघम लिहिले होते. तेवढ्याने त्यातले लवादाचे कलम उपकंत्राटात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

उत्तर २
वरील निकालावर विसंबून राहू नका. इनॉक्स विंड विरुद्ध थर्मोकेबल्स (२०१८) मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की एका पक्षाच्या छापील, प्रमाणित (सर्व व्यवहारांत सारख्याच वापरल्या जाणाऱ्या) अटींचा सर्वसाधारण उल्लेखही लवादाचे कलम समाविष्ट करण्यास पुरेसा आहे. तिथे खरेदी-आदेशासोबत त्या अटी जोडलेल्या होत्या, हा फरक आहेच. तरीही सॉफ्टवेअर कंपनीची धोरणे ही तिच्या प्रमाणित अटीच असल्याने तुमचे प्रकरण मला २००९ पेक्षा या निकालाच्या अधिक जवळचे वाटते.

उत्तर ३
मला ‘वेळोवेळी’ या शब्दाची अधिक काळजी वाटते, कारण त्यामुळे आज अस्तित्वात नसलेल्या मजकुरालाही आधीच संमती दिल्यासारखे होते. अमेरिकेत २००७ मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे तिथल्या एका विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने, कराराचा मजकूर बदलला आहे का हे ग्राहकाने संकेतस्थळावर जाऊन तपासत राहण्याची अपेक्षा करता येत नाही, असे स्पष्ट केले. त्या प्रकरणातही सूचना न देता लवादाचे कलम घातले गेले होते. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. म्हणून खरेदीच्या दिवशी सर्व दुव्यांवरील मजकूर तारखेसह जतन करा, आणि ‘अमुक तारखेची धोरणेच लागू राहतील व विसंगती आढळल्यास मूळ अटी प्रमाण मानल्या जातील’ असे विक्रेत्याकडून लेखी घ्या.