गोळी लागली म्हणजे माणूस संपला?

हापूसवाला: आमच्या गावच्या ग्रूपवर एकाने ठोकून दिलं, "पोटात गोळी गेली की माणूस गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही, उगाच गाडी करू नका." डोकं फिरलं. गोळी कुठे लागली, किती जवळून, रक्त थांबवलं का, ऑपरेशनच्या टेबलावर कधी घेतलं, यावर सगळं ठरतं. मांडीची धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ खलास. पोटातली गोळी मोठ्या रक्तवाहिन्या चुकवून गेली आणि वेळेत पोट उघडलं, तर माणूस बहुधा वाचतो. अमेरिकेचे अध्यक्ष रीगन यांना १९८१ मध्ये फुफ्फुसात गोळी लागली, वय ७०, निम्मं रक्त गेलं, तरी वाचले.

बारा बोअर: होय तर! तुमका सांगूक काय जाता. रीगन काही मिनिटांत दवाखान्यात होते. आमच्या वाडीत १०८ येईपर्यंत माणूस थंड.

सिस्टरबाई: म्हणून हातपाय बांधून बसायचं? हातापायाचं रक्त दाबून थांबेना तर जखमेच्या वर पंचा बांधा, काठीने पिळून आवळा, वेळ लिहून ठेवा. पोटाछातीला ते चालत नाही, तिथे जखम दाबून धरा आणि गाडी काढा. आणि गोळी उकरू नका! १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड गोळीने नाही, डॉक्टरांच्या न धुतलेल्या बोटांनी मेले. अडीच महिने कुजत.

बारा बोअर: बाई, मूळ दुखणं वेगळंच. २०२४ च्या विधानसभेला आचारसंहिता ऑक्टोबरात, भात कापणीवर, आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा. शेतात घुसणाऱ्या रानडुकरांना आचारसंहिता कोण वाचून दाखवणार? मग निघते ठासणीची, बिनपरवान्याची बंदूक.

हापूसवाला: विषय गोळीचा आहे, डुकराचा नाही.

बारा बोअर: एकच आहे! माझ्या काकांना हाक्यात, म्हणजे रान उठवून केलेल्या शिकारीत, एल.जी.चे (मोठ्या जनावरासाठीचे) छर्रे लागले. लांबून, पसरून आले म्हणून निभावलं, दोन अजून खांद्यात आहेत. पाच पावलांवरून असते तर एका गठ्ठ्याने आत गेले असते. पण गाडी दारात उभी असून तासभर हलली नाही. बंदूक कुणाची सांगायची, यावर खल.

सिस्टरबाई: आधी उपचार, मग पोलीस, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. डॉक्टर नाही म्हणू शकत नाही.

बारा बोअर: डॉक्टर नाही म्हणत नाही हो. घरचेच म्हणतात.

हापूसवाला: म्हणजे वेळच घात करते, हेच मी वर लिहिलंय.

बारा बोअर: लिहिलंत, मोठे उपकार. पंचनाम्याला बोलावलं की तुम्हीच या.