बर्फात अडकलेल्या मोटारीत इंजिन चालू ठेवावे का?

प्रश्न
आम्ही लवकरच वृद्ध आईवडिलांना घेऊन हिमवृष्टीच्या डोंगराळ भागातून मोटारीने प्रवास करणार आहोत. रस्ता बंद होऊन गाडीतच रात्र काढावी लागली, तर उबेसाठी इंजिन सतत चालू ठेवावे, की वस्तीच्या शोधात चालत निघावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
इंजिन सतत चालू ठेवू नका. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले, की धुरातील कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जात असल्यामुळे झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या वाहनांत वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतील काहींच्या मृत्यूमागे हाच वायू असल्याचे सांगितले गेले. म्हणून प्रत्येक वेळी आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, वारा लागत नसलेल्या बाजूची काच थोडी खाली घ्यावी आणि तासाला साधारण दहा मिनिटेच इंजिन चालवावे. कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा विचित्र गुंगी आली, तर इंजिन तत्काळ बंद करून दारे उघडावीत. सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद २
वरील प्रतिसादाशी पूर्णपणे सहमत आहे. चालत निघण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा, कारण हिमवादळात काही पावलांवरचेही दिसत नाही आणि शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. तहान लागली म्हणून बर्फ तसाच खाऊ नये. तो वितळवण्यात शरीराची उष्णता खर्च होते. वृद्धांचे शरीर लवकर गार पडते, तेव्हा त्यांना मध्ये बसवून कोरडे कपडे व घोंगड्या आधी त्यांना द्याव्यात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आमची गाडी विजेवर चालणारी असेल, तर यात काही बदल होतो का?

प्रतिसाद १
होय, इंजिनाचा धूरच नसल्यामुळे त्या वायूचा धोका राहत नाही. परंतु उबेसाठी गाडीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवल्यास तो पुन्हा उद्भवतो. संपूर्ण गाडी गरम करण्यापेक्षा आसने गरम करण्याची सोय वापरल्यास बॅटरी बराच अधिक काळ पुरते, आणि म्हणूनच निघण्यापूर्वी ती पूर्ण भरलेली असावी.