मदत हवी आहे : ट्रेव्हली आणि चणकसाठी फ्लायचा आकार कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोलीचा. मांडवीच्या खाड्यांत आणि चोडणच्या बाजूला (पक्षी अभयारण्याची हद्द सोडून) फ्लाय रॉडने गरवतो. आठ वजनाचा रॉड, इंटरमीडिएट (हळू बुडणारी) लाइन, फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं खाद्य, घरीच बांधलेले. दोन जागी दोन उलटे अनुभव येतायत आणि त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून हा धागा.

पहिली जागा नदीच्या तोंडाकडची, मिरामार ते आग्वादच्या पट्ट्यातली. पावसाळा सरला की तिथे ट्रेव्हलीच्या टोळ्या वर येतात, पाणी नुसतं खदखदतं. त्यांच्यापुढे पळणारी पिल्लं बोटाच्या दोन पेरांएवढी, जवळजवळ पारदर्शक. काळा डोळा आणि पोटाकडची चांदी तेवढी दिसते. मी टाकतो पाच इंची पांढरा डिसीव्हर (पिसांचा लांब फ्लाय), २/० च्या मोठ्या गळावर. मासा मागे लागतो, फ्लायच्या शेपटीला नाक लागेल इतका जवळ येतो आणि वळून जातो. तोंड म्हणून लावत नाही.

दुसरी जागा खाजनाची मानस, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीचं पाणी सोडायचं दार. तिचा लिलाव घेतलेल्या माणसाला विचारून, त्याचं जाळं लागलेलं नसेल तेव्हाच जातो. उधाणाच्या सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारं उघडतात आणि सुंगटं (कोळंबी), शेवट्याची (बोय माशाची) पिल्लं सगळं भसाभस बाहेर येतं. काळोखात चणक (जिताडा) ‘टॉप्’ असा आवाज काढत ते गिळत असतो. टॉर्च मारला की डोळे लालभडक चमकतात, म्हणजे मासा तिथेच आहे. खातोय तो दोन-अडीच इंची सुंगटं. म्हणून मी नंबर ४ च्या लहान गळावर तेवढाच सडपातळ फ्लाय बांधला, तर त्याला विचारतही नाही.

म्हणजे नदीच्या तोंडाशी मोठा चालत नाही, मानशीवर लहान चालत नाही. खाद्य मात्र दोन्हीकडे लहानच. मग आकार ठरवायचा कशावरून? माशाच्या तोंडावरून, खाद्यावरून, की पाण्यावरून? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. गळाचा नंबर आणि फ्लायची लांबी दोन्ही लिहिलंत तर बांधायला सोपं जाईल.

— डिचोलीकर

*

वेरेकाठ :

डिचोलीकर, प्रश्न छान मांडलात. दोन्ही ठिकाणी खाद्य लहान आहे हे बरोबर, पण खाण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. उत्तर तिथेच आहे.

ट्रेव्हली डोळ्यांनी शिकार करते. टोळीने पिल्लांना वर रेटायचं, फुटून एकटं पडलेलं टिपायचं. एका वेळी समोर हजारो पिल्लं असतात आणि सगळी एका मापाची. अशा वेळी मासा एका मापावर अडून बसतो. पाच इंची फ्लाय त्याला दिसतो, कुतूहलाने तो मागेही येतो, पण जवळून पाहिल्यावर माप जुळत नाही. तिथे डिसीव्हर ठेवून द्या. नंबर २ किंवा ४ चा मजबूत गळ घ्या, धातूच्या बारीक जड डोळ्यांचा क्लाउजर नावाचा फ्लाय बांधा, पांढरं बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) अगदी विरळ, दोन-चार चमकीचे धागे, लांबी दोन इंच. पिल्लांहून अर्धा इंच जास्त चालेल, कारण हुबेहूब त्यांच्यासारखा झाला तर तो त्या गर्दीत हरवतो. त्यापेक्षाही उपयोगी म्हणजे टोळीच्या कडेला टाकून त्याला बुडू देणं. जखमी पिल्लू खाली जातं आणि मासा ते आधी उचलतो. क्लाउजरच्या जड डोळ्यांचं काम तेच आहे. बॉब क्लाउजर यांनी अमेरिकेत तो गोड्या पाण्यातल्या बाससाठी बांधला होता, पण खाऱ्या पाण्यात त्याने जास्त नाव कमावलं.

आता चणक. तो चावत नाही, ओढतो. तोंड आणि कल्ले एका झटक्यात फाकवतो, आत पोकळी होते आणि पाण्यासकट खाद्य आत जातं. तुम्ही ऐकता तो ‘टॉप्’ त्याचाच. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे तुमची लाइन ताठ असेल तर पाणी आत जातं आणि फ्लाय बाहेरच राहतो. मग आपल्याला वाटतं माशाने विचारलं नाही. प्रवाहात सुंगटं वाहत येतात तसा फ्लाय वाहू द्या. एक छोटा झटका, मग लाइन सैल. आमच्याकडे बहुतेक मासे त्या सैल क्षणीच लागतात.

दुसरी गोष्ट जाडीची. मासा खाद्य अख्खं गिळतो, त्यामुळे त्याच्या तोंडाच्या दृष्टीने लांबीपेक्षा घेर महत्त्वाचा. पाच इंची सडपातळ फ्लाय चणकला मोठा नाही, आणि गढूळ पाण्यात, रात्री, तुमचा दोन इंची विरळ फ्लाय त्याच्या लेखी जवळजवळ नाहीच. तिथे तो डोळ्यांइतकाच अंगावरच्या संवेदनरेषेवर अवलंबून असतो. पाणी ढकलणारी वस्तू त्याला कळते. म्हणून लांबी तीन इंचांवर ठेवा आणि डोकं फुगवा : हरणाच्या केसांचं कातरलेलं जाड डोकं, मागे मऊ शेपटी, रंग काळा किंवा गर्द जांभळा. खालून आकाशाकडे पाहणाऱ्या माशाला काळी आकृतीच ठळक दिसते. गळ २/०, आखूड दांड्याचा. इथे मोठा गळ खाद्याच्या मापासाठी नाही, माशाच्या ताकदीसाठी आहे. मानशीच्या खांबांकडे पळालेला चणक नंबर ४ सरळ करून जाईल. लीडरच्या (लाइनपुढच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या) टोकाला ४० पौंडाचा जाड तुकडा हवाच, त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी कापते.

फेब्रुवारी-मार्चात पाणी निवळलं की हाच चणक जाड फ्लायला बिचकतो. तेव्हा केस कमी करत जा.

एक विनंती. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवा आणि मोठा चणक सोडून द्या. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठे मासे बहुतेक माद्या, पुढची वीण त्यांच्यावर.

*

जांभ्याचीकड :

वरच्या उत्तराला जोड. तांबोशीला (तांबड्या स्नॅपरला) हा मापाचा हिशेब फारसा लागू नाही. खडकाच्या कपारीतून किंवा तिवरांच्या मुळांतून ती झेप घेते; कुर्ली (खेकडा), सुंगट, मासा, समोर येईल ते. फ्लाय मुळांपासून वीतभर अंतरात पडला पाहिजे, तीन इंची की चार इंची हे नंतर बघू. सुरमईचं तिसरंच. ती दातांनी शेपूट तोडते. लांब फ्लाय बांधलात तर अर्धाच परत येतो, म्हणून गळ मागे न्यायचा आणि पुढे तार लावायची.

*

डिचोलीकर :

दोघांचेही मनापासून आभार. लाइन ताठ ठेवण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, मी सतत ओढत होतो. एक शंका : पिल्लांचं माप नेमकं कसं घ्यायचं? पाण्यात ती असतात त्यापेक्षा मोठी वाटतात.

*

वेरेकाठ :

पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या कोणाकडूनही चार पिल्लं मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. तळहातावर पिल्लू ठेवा आणि शेजारी फ्लाय, पण भिजवून. कोरडा फ्लाय पिसांनी फुललेला असतो, पाण्यात बुडवून पिळला की निम्म्याने बारीक होतो, आणि माशाला दिसतो तो हा. लांबी जुळली तरी पोटाची उंची जुळते का ते आडवं धरून बघा. जास्त असेल तर कात्रीने खालचे केस कमी करा, टोकं मात्र कापू नका. टोकं बोथट झाली की फ्लाय पाण्यात हलायचा थांबतो.

येत्या उधाणाला जाणार असाल तर काळा आणि जांभळा दोन्ही बांधून न्या, आणि कुठला चालला ते इथे लिहा.