मस्टँगच्या पंखांना फॉइल नको

पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल करताना, उघड्या पत्र्यासारखं दिसावं म्हणून ते नखशिखांत अॅल्युमिनियम फॉइलने मढवा आणि रिव्हेटच्या ओळी शिंप्याच्या चाकाने उमटवा, असं काही जण सुचवतात. फॉइलचं धडापुरतं मान्य, पंखांचं नाही. मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लोचा, म्हणजे हवा त्यावरून खळबळ न होता सरकावी अशा आकाराचा, त्यामुळे पुढच्या बऱ्याच भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने बुजवून, घासून वर चंदेरी रंग मारत. उघडा पत्रा दिसायचा तो फ्लॅप आणि एलरॉन या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांवर. तेव्हा पंखाला सरळ अॅल्युमिनियम रंग फवारा. खरंही दिसतं आणि मेहनतही वाचते.

पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारं शिंप्याचं खुणेचं दातेरी चाकही १/४८ प्रमाणाच्या मॉडेलला चालायचं नाही, त्याचे दाते फार लांब लांब असतात. खऱ्या विमानावर रिव्हेट इंचभर अंतरावर धरले, तरी मॉडेलवर ते अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर होतं. त्यापेक्षा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून मनगटी घड्याळातलं बारीक दातेरी चाक मागून घ्या (भंगारातलं असतं, बहुतेक पैसेही घेत नाहीत) आणि मुठीला असं बसवा की मोकळं फिरेल. फॉइल चिकटवून इअरबडने नीट घोटलं, की जाड टेपच्या कडेने ते चाक एकदाच फिरवायचं, तेही हलक्या हाताने. जोर दिलात तर फॉइल पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीने फाटतं.